दंड भरला, प्रकरण मिटले?

आपल्या बहुतेक घरांत मद्याला प्रवेश नाही. सप्तव्यसनांच्या यादीतील त्याचे स्थान लहानपणीच पाठ झालेले असते. त्यामुळे मद्यपान करून वाहन चालविल्याची बातमी वर्तमानपत्रात दिसली की तो दुसऱ्या कोणाच्या घरचा विषय आहे, असे समजून आपण पान उलटतो. पण गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या कुटुंबांचे रस्त्यावरचे आयुष्य पुष्कळ बदलले आहे. पहाटेच्या गाडीसाठी वडीलधाऱ्यांना स्टेशनवर सोडायचे असो, रात्री उशिरा विमानतळावरून परतणाऱ्या सुनेला आणायचे असो, मोबाइलच्या ॲपवर गाडी बोलावली जाते आणि एका अनोळखी माणसाच्या हाती आपली माणसे सोपविली जातात. दुसरीकडे, आपल्यातील कित्येक व्यापारी कुटुंबांनी दोन-चार गाड्या घेऊन त्या चालकांकरवी ॲपवर लावल्या आहेत. कोणी गाडीच्या कर्जाला जामीन राहिले आहे, तर कोणी स्वतःच कर्ज दिले आहे. मद्य आपल्या घरात नसेल, पण ते आपल्या गाडीत बसू शकते.

म्हणून एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो. ॲपवर टॅक्सी चालविणारा माणूस एका रात्री नाकाबंदीत सापडला, न्यायालयात उभा राहिला, दंड भरून बाहेर आला. पुढे त्याच्या रोजगाराचे काय होते? ‘दंड भरला की सुटला’ हे त्याचे उत्तर सर्रास दिले जाते. ते चुकीचे आहे, आणि या चुकीची किंमत दंडाच्या कितीतरी पट आहे.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि त्यानंतरच्या गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्याआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त २,००० रुपये होता. लोकांच्या लक्षात राहिली ती ही दंडाची वाढ. त्याच कायद्यातील दुसऱ्या दोन कलमांकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेले नाही आणि चालकाच्या पोटावर खरा घाव घालतात ती तीच कलमे.

त्यांतील पहिले कलम २०६. असा गुन्हा घडला आहे असे मानण्यास कारण असल्यास पोलीस अधिकारी चालकाचे लायसन्स ताब्यात घेऊन ते परिवहन कार्यालयाकडे पाठवितो. तेथे चालकाचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि पहिल्या गुन्ह्यासाठी त्याला तीन महिने अपात्र ठरविता येते. गुन्हा पुन्हा घडल्यास लायसन्स रद्दच होऊ शकते आणि रद्द झालेल्याचे नाव जाहीरही करता येते. दुसरे कलम २०. कलम १८५ खाली दोषी ठरविणाऱ्या न्यायालयाने चालकाला किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरवावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. ‘ठरवू शकेल’ असे नाही, तर ‘ठरवील’ अशी ती भाषा आहे. घरच्या गाडीतून दुकानात जाणाऱ्या माणसाला हे सहा महिने गैरसोयीचे जातील. मुलगा सोडायला येईल, रिक्षा मिळेल. ज्याची भाकरीच चाकावर आहे, त्याच्या दृष्टीने मात्र ही सहा महिन्यांची टाळेबंदी असते.

व्यापाऱ्याच्या घरात गोष्ट हिशेबाने लवकर समजते, म्हणून आकडे मांडून पाहू. समजा, चालकाने सात लाख रुपयांचे कर्ज घेऊन गाडी घेतली आहे. व्याज द.सा.द.शे. १० आणि मुदत पाच वर्षे. मासिक हप्ता जवळजवळ १४,९०० रुपये येतो. सहा महिने गाडी उभी राहिली तर नुसत्या हप्त्यांचे ८९,००० रुपयांहून अधिक होतात. त्यावर विम्याचा हप्ता, गाडी उभी करण्याचे भाडे, घरखर्च आणि मुलांची फी वेगळीच. दहा हजारांचा दंड या वहीत किरकोळ खर्चाच्या रकान्यात जाईल. गाडी दुसऱ्याला चालवायला द्यावी तर उत्पन्नाचा मोठा वाटा त्याला जातो. न द्यावी तर वित्तसंस्थेचा वसुली करणारा माणूस दारात येतो.

यातला एक तपशील फार थोड्यांना माहीत असतो. मद्याचा अंमल मनाला जाणवेनासा होतो, तेव्हा तो रक्तातूनही गेलेला असतोच असे नाही. साधारण प्रकृतीच्या माणसाच्या रक्तातील मद्यार्क तासाला १५ मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. कोणाचा थोडा जलद, कोणाचा थोडा सावकाश. एखाद्याने लग्नाच्या वरातीत मध्यरात्रीपर्यंत पिऊन ही पातळी १२० वर नेली असेल, तर पहाटे पाच वाजता ती ४५ च्या घरात असते. झोप झालेली असते, आंघोळ झालेली असते, चहा झालेला असतो. त्याच्या दृष्टीने तो पूर्ण शुद्धीवर असतो, आणि विमानतळाची पहिली फेरी घेऊन निघालेला असतो. कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार असतो. कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी डोळे उघडतात, पण रक्त स्वच्छ होत नाही. ते काम केवळ वेळ करतो. ज्यांच्याकडे पगारी चालक आहेत त्यांनी रात्रीच्या समारंभानंतर पहाटेची फेरी कोणाला द्यायची, याचा विचार या गणिताच्या आधारे केलेला बरा.

कबुलीजबाबाची घाई

लाल दिवा ओलांडला, हेल्मेट नव्हते, अशा कित्येक गुन्ह्यांत जागीच तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटविता येते. कलम २०० मध्ये अशा गुन्ह्यांची यादी आहे. त्या यादीत कलम १८५ नाही. म्हणजे मद्यपानाचे प्रकरण चौकात मिटू शकत नाही. ते न्यायालयातच जाते. ‘चलन’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जात असल्यामुळे चालकाला दोन्ही सारखीच वाटतात, आणि इथे घोटाळा होतो.

न्यायालयाच्या आवारात पहिला सल्ला मिळतो तो असा : ‘गुन्हा कबूल कर, दंड भर, दुपारी गाडीवर.’ दिवसाची कमाई बुडू नये म्हणून चालक मान डोलावतो. त्या मान डोलावण्याला कायद्यात दोषसिद्धी म्हणतात. साक्षीपुरावे होऊन दोषी ठरलेला आणि दोन मिनिटांत कबुली देऊन दंड भरलेला, यांच्यात नोंदीच्या दृष्टीने काही फरक नाही. उलट कबुली देणाऱ्याची बाजू अधिक कमकुवत असते. गुन्हा कबूल केल्यावर दोषसिद्धीविरुद्ध सामान्यतः अपील करता येत नाही. शिक्षा किती आणि कायदेशीर की नाही, एवढ्यापुरताच वाद शिल्लक राहतो.

खऱ्या गुन्हेगाराने खोटे बोलून सुटावे, असे येथे सुचवायचे नाही. ज्याने प्यालेला असताना गाडी चालविली, त्याने ते कबूल करणे उचितच आहे. परंतु कबुली देताना आपण कशावर सही करीत आहोत, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. आणि कधी कधी सांगण्यासारखे काही असतेही. श्वासपरीक्षण करण्यासाठी पोलीस अधिकारी गणवेशात असावा लागतो. अटक केल्यास दोन तासांच्या आत कलम २०३ व २०४ खालील वैद्यकीय तपासणी व्हावी लागते, ती न झाल्यास चालकाला सोडून द्यावे लागते. यंत्राची छापील पावती, त्यावरील वेळ आणि आकडा, हे सारे तपासून घेण्याचा चालकाला अधिकार आहे. चाचणीस नकार देणे हा मात्र मार्ग नव्हे. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कायदा त्याच्याविरुद्धच वाचतो. अर्धा दिवस खर्चून वकिलाशी बोलणे आणि मग निर्णय घेणे, एवढी सवड तरी त्याने घ्यावी. त्याचा मालक आपल्यापैकी कोणी असेल, तर ती सवड त्याला देणे मालकाच्याही हिताचे आहे.

ॲपचे दार

लायसन्स परत मिळाले म्हणजे काम परत मिळाले, असेही नाही. ॲपवरील टॅक्सीच्या धंद्याला दोन दारे आहेत. एक परिवहन कार्यालयाचे, दुसरे कंपनीचे. पहिल्या दाराची किल्ली ठरलेल्या मुदतीनंतर हातात पडते. दुसरे दार कधी आणि कशाच्या आधारे उघडायचे, हे सरकारच्या अटी आणि कंपनीचे धोरण मिळून ठरवितात.

या अटी कोठून आल्या हे समजून घेतले पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. चालकाविरुद्ध पूर्वीचे गुन्हे नोंदलेले होते आणि त्याने सादर केलेला पोलीस पडताळणीचा दाखला बनावट निघाला. तोपर्यंत या कंपन्या आपण केवळ ग्राहक आणि चालक यांची गाठ घालून देतो, असे म्हणत असत. त्या घटनेनंतर हे म्हणणे टिकले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने या कंपन्यांना कायद्यात ‘ॲग्रिगेटर’ म्हणून स्थान मिळाले आणि त्यांना राज्याचा परवाना बंधनकारक झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२५ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली. चालकाला सामावून घेण्यापूर्वी त्याची ओळख, लायसन्स, अनुभव, पोलीस पडताळणी आणि पूर्वीची दोषसिद्धी तपासण्याची जबाबदारी कंपनीवर आली. मद्याच्या अमलाखाली वाहन चालविल्याची दोषसिद्धी या तपासणीत स्वतंत्रपणे पाहिली जाते. पिऊन गाडी चालविण्याचा गुन्हा ‘वाहतुकीचा किरकोळ नियमभंग’ या पिशवीतून बाहेर काढून वेगळा ठेवला आहे, हे येथे महत्त्वाचे.

हा विचार अमेरिकेत आधी रुजला, कारण हा व्यवसाय तेथे आधी वाढला. कॅलिफोर्निया राज्याने २०१६ मध्ये केलेला कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू झाला. मागील सात वर्षांत मद्य किंवा अमली पदार्थांच्या अमलाखाली वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीला ॲप-कंपनीने चालक म्हणून घेऊच नये, असे त्यात म्हटले आहे. पुढे त्याच राज्याने आणखी एक पाऊल टाकले. सामान्य वाहनचालकासाठी तेथे मर्यादा ०.०८ टक्के, म्हणजे आपल्या मापाने ८० मिलिग्रॅम आहे. भाड्याने प्रवासी नेणाऱ्यासाठी मात्र १ जुलै २०१८ पासून ती निम्मी, ०.०४ टक्के करण्यात आली. दुसऱ्याचा जीव पैसे घेऊन वाहून नेणाऱ्यावर अधिक कडक मोजमाप लागू व्हावे, हे त्यामागचे तत्त्व. आपल्याकडे मालकाला आणि भाडोत्री चालकाला एकच ३० ची मर्यादा आहे. ती दोघांनाही कडक आहे, म्हणून वेगळ्या मापाची निकड भासली नसावी.

नियम केला म्हणजे तो पाळला जातो असे तेथेही नाही. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१७ मध्ये कंपन्यांच्या तपासणीवर न विसंबता स्वतः चौकशी केली. सुमारे ७१,००० चालकांपैकी ८,००० हून अधिक जण नापास झाले. यांत मोठा भाग लायसन्स आणि वाहन चालविण्याच्या पूर्वइतिहासाशी संबंधित कारणांचा होता. हे सर्व जण कंपन्यांच्या चाळणीतून आधी पार झालेले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोलोरॅडो राज्याच्या नियामक आयोगाने उबर कंपनीला ८९ लाख डॉलरच्या दंडाची नोटीस दिली. नियमांनुसार अपात्र असलेल्या ५७ चालकांना तिने काम करू दिले, असा आरोप होता. त्यांत गंभीर गुन्ह्यांत व वाहतुकीच्या मोठ्या गुन्ह्यांत दोषी ठरलेले, तसेच लायसन्स निलंबित असलेले चालक होते. असा दंड समोर दिसू लागला की कंपनी सावध होते आणि सावध कंपनी शंकेचा फायदा चालकाला देत नाही. केवळ गुन्हा नोंदला गेला, निकाल लागायचा आहे, अशा अवस्थेतही खाते थांबविले जाते. चालकाला कळते ते पडद्यावरच्या एका ओळीतून. आपली बाजू मांडायला समोर माणूस नसतो, हे या रोजगाराचे मोठे दुःख आहे. मालक रागावला तर त्याचे मन वळविता येते. संगणकाचे वळविता येत नाही.

येथे एक गोष्ट ओघात सांगतो, कारण आपल्या समाजातील पुष्कळ मुले अमेरिकेत शिकत आहेत व नोकरी करीत आहेत. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल तेथे नुसती अटक झाली, तरी २०१५ पासूनच्या धोरणानुसार अमेरिकी परराष्ट्र खाते व्हिसा रद्द करू शकते. दोषी ठरण्याची वाट पाहण्याची गरज नसते. मित्राच्या घरच्या मेजवानीनंतर ‘दोन गल्ल्यांवर तर जायचे आहे’ म्हणणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवावे.

कायद्याची ही कठोरता अवाजवी आहे का? अपघात तर झाला नाही, कोणाला ओरखडाही उमटला नाही, मग वर्षानुवर्षे काम बंद का, असे चालकांच्या वतीने विचारले जाते. याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०२२ मधील एका निकालात सापडते. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाचा एक चालक कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांना घेऊन ट्रकने निघाला होता. तो प्यालेला होता आणि ट्रक एका जीपवर मागून आदळला. प्राणहानी झाली नाही. त्याला बडतर्फ करण्यात आले. मोठा अपघात झाला नाही हे केवळ नशीब होय, त्यामुळे गैरवर्तन सौम्य होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पंचवीस वर्षांची सेवा आणि दरम्यान झालेला त्याचा मृत्यू लक्षात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती एवढी सवलत मात्र दिली. गुन्ह्याचे माप त्याच्या परिणामावर नव्हे तर पत्करलेल्या धोक्यावर घ्यावे, हा विचार मला योग्य वाटतो. ॲपच्या टॅक्सीला तर तो अधिकच लागू आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री ‘प्याला असाल तर स्वतः गाडी चालवू नका, टॅक्सी बोलवा’ असे आपण तरुणांना सांगतो. त्या टॅक्सीचा चालक शुद्धीवर असेल, या एकाच गृहीतावर तो सल्ला उभा असतो.

मालकाची वही

आता ज्यांच्या नावावर गाड्या आहेत त्यांच्यासाठी. अपात्र ठरलेला चालक ‘साहेब, दुसरीकडे कुठे जाऊ, रात्रीच्या दोन फेऱ्या मारू द्या’ म्हणून येतो. जुना माणूस असतो, प्रामाणिक असतो, दयाही येते. तथापि अपात्रतेच्या काळात वाहन चालविणे हा कलम १८२ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. लायसन्स नसलेल्याला गाडी देणाऱ्या मालकालाही कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. दोन फेऱ्यांची दया दोघांनाही न्यायालयात उभे करते.

विम्याचे प्रकरण त्याहून गंभीर. अपघात झाला आणि चालक मद्याच्या अमलाखाली किंवा अपात्र होता असे निघाले, तर जबाबदारी नाकारण्याचा आधार विमा कंपनीला कायद्यातच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तर मद्याच्या अमलाचा तेथे स्पष्ट उल्लेख आहे. जखमी किंवा मृत व्यक्तीच्या कुटुंबाला न्यायालये बहुधा कंपनीकडून रक्कम देववितात आणि ती वाहनमालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला देतात. रक्कम लाखांत असते. विमा काढला होता म्हणून निर्धास्त असलेला मालक अशा वेळी कंपनीच्या धनको-यादीत नव्हे, ऋणको-यादीत येतो.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचेही तसेच. एका कंपनीच्या मालकीची पोर्श गाडी डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीत अपघातात नष्ट झाली. चालकाच्या रक्तातील मद्याचे प्रमाण मोजलेलेच नव्हते, म्हणून भरपाई मिळावी असा कंपनीचा दावा होता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मोजमापाचा आकडा नसला तरी मद्याचा वास, अपघाताची रीत, रस्त्याची व वेळेची परिस्थिती यांवरून अंमल सिद्ध होऊ शकतो, असे न्यायालयाने ठरविले. ‘चाचणीच झाली नाही’ ही ढाल पुरेशी नाही, हे प्रत्येक वाहनमालकाने मनात कोरून ठेवावे.

आणखी एक कुप्रथा आहे. खाते बंद झालेला चालक भावाच्या किंवा मित्राच्या खात्यावर गाडी चालवितो. ॲपवर छायाचित्र एकाचे, चाकावर माणूस दुसरा. खाते भाड्याने देण्याचेही प्रकार घडतात. प्रवासी म्हणून आपण गाडीचा क्रमांक पाहतो, चेहरा पाहत नाही. चेहरा जुळत नसेल तर गाडीत बसू नये. फेरी रद्द करावी व कंपनीला कळवावे. त्यात उद्धटपणा काही नाही. आणि मालक म्हणून आपल्या गाडीत असे चालले असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हे अपघातानंतर कोणी ऐकणार नाही. चालक ठेवताना लायसन्सचा क्रमांक सरकारी परिवहन संकेतस्थळावर तपासता येतो. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला मागता येतो. आणि हे एकदा करून भागत नाही. वर्षातून एकदा, विम्याच्या नूतनीकरणाबरोबर लायसन्सही पुन्हा पाहण्याची शिस्त लावली तर विसरायला होत नाही.

दोषी ठरलेल्याला परतीची वाट मात्र कायद्याने ठेवली आहे. न्यायालय अपात्रतेचा आदेश देते तेव्हा लायसन्सवर तसा शेरा मारला जातो. कलम २५ प्रमाणे, शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही, तर चालकाला शुल्क भरून शेरा नसलेले नवे लायसन्स मागण्याचा हक्क मिळतो. कॅलिफोर्नियाचे दारही सात वर्षांचे आहे, जन्मभराचे नाही. मुदत असावी आणि ती संपावीही, हे मला या सर्व व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाचे कलम वाटते. ज्याला कधीच परत घेतले जाणार नाही तो माणूस भावाचे खाते वापरणार, रात्री चोरून चालविणार. ज्याला तारीख ठाऊक आहे तो ती तारीख मोजत बसेल.

प्रश्न उरतो तो मधल्या काळाचा. परिवहन कार्यालयाकडून पाठविल्या जाणाऱ्या उजळणी प्रशिक्षणाचे काही दिवस सोडले, तर या महिन्यांत त्याच्या हाताला काम नसते, आणि रिकामा हात पुन्हा बाटलीकडे वळण्याचा संभव असतो. आपल्या दुकानांत, गोदामांत, बाजार समितीच्या गाळ्यांवर माल उतरविणे, वजन करणे, पावत्या जुळविणे, वसुलीच्या नोंदी ठेवणे अशी चाकाविना होणारी पुष्कळ कामे असतात. शहराचे रस्ते आणि गिऱ्हाइकांचे पत्ते पाठ असलेला माणूस माल पाठविण्याच्या टेबलावर चांगला उपयोगी पडतो. पगार कमी ठरेल. पण गाडीचा हप्ता भागविण्याइतका आधार मिळाला, तर गाडी वित्तसंस्थेच्या आवारात जात नाही. काही मालक अशा वेळी हप्त्यांची मुदत वाढवून घेण्यासाठी वित्तसंस्थेकडे चालकाबरोबर स्वतः जातात. अर्ज थकबाकी होण्यापूर्वी केला तर तो ऐकला जाण्याची शक्यता अधिक.

कागदपत्रांच्या बाबतीत त्याने एवढे करावे : निकालाची प्रमाणित प्रत, दंडाची पावती, अपात्रतेच्या आदेशाची तारीख, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि परत मिळालेल्या लायसन्सची प्रत एका फाइलमध्ये ठेवावी. कंपनीकडे पुन्हा अर्ज करताना दोषसिद्धी लपवू नये. पडताळणीत ती निघाली, तर मूळ गुन्ह्याची मुदत संपलेली असूनही खोटी माहिती दिल्याचे नवे कारण तयार होते. अर्ज नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे, आणि आपल्या राज्याच्या नियमांत किती वर्षांची अट आहे हे परिवहन कार्यालयातून विचारून तारीख वहीत मांडून ठेवावी.